धाकट्याचा पल्स 122 च्या वर जातच नाही आणि कोच म्हणतो तू ढिला आहेस

द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय माझ्या धाकट्या भावाचा. वय 26. चार वर्षांपूर्वी गावच्या विहिरीत सूर मारला, पाणी कमी निघालं, मान गेली. सी6 कम्प्लीट, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला मज्जारज्जू पूर्ण निकामी. खांदे चांगले, कोपर वाकतं, मनगट वर उचलतो, बोटं नाहीत, ट्रायसेप्स नावालाच. पहिली दोन वर्षं कशी गेली ते सोडा. गेल्या वर्षीपासून तो व्हीलचेअर रग्बी खेळायला लागलाय आणि घरात परत आरडाओरडा भांडण हसणं सगळं सुरू झालं, आई तर म्हणते हा खेळ देवानेच धाडला.

अडचण अशी की टीमचा फिटनेस घेणारा कोच मुळात साध्या जिममधला आहे. माणूस सोन्यासारखा, एक पैसा घेत नाही, पण त्याचं सगळं गणित धडधाकट पोरांचं. 220 वजा वय म्हणजे धाकट्याचा पल्स 194 पर्यंत जायला पाहिजे, निदान 160 तरी दिसलाच पाहिजे. घड्याळात दिसतो 118, 120, फार तर 122. जीव तोडून चाक ढकलतो, ओठ पांढरे पडतात, तरी 122. कोच म्हणतो तू मनापासून करत नाहीस, ढिला आहेस. परवा घरी येऊन रडला हो पोरगा.

दुसरं म्हणजे मे महिन्यात दोनदा प्रॅक्टिसमध्ये अंग तव्यासारखं तापलं, घाम एक थेंब नाही, बडबड असंबद्ध.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त टोचतंय. गेल्या महिन्यात मॅचच्या आधी एकदम चेहरा लालबुंद, हातावर काटा, कपाळ घामाने डबडबलेलं (एरवी घाम येत नाही!), डोकं फुटतंय म्हणाला. ग्राउंडवरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, 138/88. म्हणाले नॉर्मल आहे, टेन्शन घेतलंय. कोच म्हणाला अंगात आलंय पोराच्या, खेळू द्या. मी मध्ये पडले म्हणून खेळला नाही. अर्ध्या तासाने कळलं की लघवीच्या पिशवीची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली आणि दहा मिनिटांत सगळं उतरलं.

हे काय होतं? आणि ट्रेनिंग नक्की कशावर मोजायचं? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

डीटेन_पुणेकर
ताई, आधी धाकट्याला सांगा की तो ढिला नाही. दुसरं, मॅचच्या दिवशी मध्ये पडलात ते फार मोठं काम केलंत, त्यावर जाणकार लिहितीलच.

मी डी10 आहे, म्हणजे मानेच्या खाली, पाठीच्या दहाव्या मणक्याला इजा, बाइकवरून पडलो 2015 ला, आता रेसिंग चेअर चालवतो, पहाटे बालेवाडीला ट्रॅक मिळाला तर तिथे नाहीतर मिळेल त्या रस्त्यावर. माझा पल्स इंटरव्हलला 183 पर्यंत जातो. म्हणजे व्हीलचेअरवर बसलं की पल्स चढत नाही असं काही नाही. माझा चढतो त्याचा नाही, फरक लेव्हलचा असणार एवढं मला कळतं, का ते मला सांगता येणार नाही.

खालच्या लेव्हलवाल्यांचं इंजिन काय असतं ते बघायचं तर स्वित्झर्लंडच्या हाइन्झ फ्रायचं नाव शोधा. विशीत डोंगरात पडून पॅराप्लेजिया (कमरेखाली लकवा) झाला आणि 1999 ला जपानच्या ओइताला व्हीलचेअर मॅरेथॉन 1 तास 20 मिनिटं 14 सेकंदात मारली, वयाच्या 41 व्या वर्षी! तो रेकॉर्ड 22 वर्षं टिकला, मग 2021 मध्ये तिथेच मार्सेल हुगने 1:17:47 केला. ताशी 32 किलोमीटरच्या वर, हाताने. मी कात्रजच्या उतारावर एवढा जातो फक्त.

फिजिओ_मावशी
हॅलो द्राक्षबाग. मी फिजिओथेरपिस्ट, स्पायनल कॉर्डच्या पेशंटबरोबर 19 वर्षं काम करतेय. तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तो जिवावरचा आहे.

तुझ्या भावाला झालं त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डी6 किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना होतो. खाली काहीतरी टोचतंय, ताणलंय, तुंबलंय, भरलेलं मूत्राशय, संडास साठलेली, बेडसोर, अगदी पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नखसुद्धा. ती तक्रार मज्जारज्जूतून वर निघते पण मेंदूपर्यंत पोचत नाही. खालच्या खाली मात्र नसा चेकाळतात आणि पोटातल्या, पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात. बीपी चढतं. मेंदूला चढलेलं बीपी कळतं, तो खाली निरोप धाडतो की आवरा, पण रस्ता तुटलाय ना. मग तो जे हातात आहे ते करतो, हृदयाचा वेग कमी करतो आणि इजेच्या वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या सैल सोडतो. म्हणून चेहरा लाल, कपाळाला घाम, डोकं फुटणं. सगळं त्याच्यात होतं.

आता ते 138/88. त्याचं रोजचं बीपी किती असतं? सी6 वाल्यांचं बसून 90 ते 100 च्या आसपास वरचं असतं, धडधाकट माणसाला चक्कर येईल एवढं. त्याचं 95 असेल तर 138 म्हणजे चाळीसने वाढलं. वरचं बीपी नेहमीपेक्षा 20 ते 40 ने जास्त म्हणजे डिसरिफ्लेक्सिया समजून कामाला लागायचं असतं. मशीनवरचा आकडा नॉर्मल होता, त्या माणसाचा नॉर्मल नव्हता. डॉक्टरांना दोष देत नाहीये, आपल्याकडे हे शिकवतात ते परीक्षेपुरतं आणि मग ग्राउंडवर कोणी असा पेशंट बघितलेला नसतो.

करायचं काय ते पाठ कर. आडवं अजिबात करायचं नाही, ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे. पोटाचा पट्टा, स्ट्रॅप, बूट, सगळं सैल. मग नळी बघ, पिशवी बघ, सीआयसी (ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढणं) करत असेल तर तिथल्या तिथे करून टाक. मग पोट, मग कातडी. दर दोन-पाच मिनिटांनी बीपी. कारण सापडत नाही किंवा बीपी उतरत नाही तर थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. यात झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो, माणसं जातात.

पल्सचं रात्री लिहिते, ओपीडीत गर्दी आहे.

द्राक्षबाग
मावशी हात थरथरतायत वाचताना. त्याचं रोजचं 96/60 असतं, मी वहीत लिहून ठेवते. म्हणजे आपण त्याला खेळायला सोडणार होतो...

उगाच_एक
एक शंका, राग मानू नका. बीपी चढतं, अंगात जोर येतो, तर मग हे मॅचच्या आधी मुद्दाम केलं तर? डोपिंग पण नाही, औषध नाही, काही नाही. 😄

कासव_सी6
@उगाच_एक, तुझ्या डोक्यात आलं ते जगात फार आधी येऊन गेलंय, त्याला बूस्टिंग म्हणतात. लोक कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मुद्दाम बंद करून ठेवायचे, पट्टे करकचून आवळायचे, अजून काय काय करायचे ते इथे लिहीत नाही कारण कोणीतरी करून बघेल. वेळ सुधारते हे खरं आहे म्हणूनच तर केलं जायचं. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक कमिटीने 1994 पासून बंदी घातली आहे. आता स्पर्धेत बीपी तपासतात, वरचं 160 किंवा जास्त निघालं तर थोड्या वेळाने परत मोजतात आणि तेव्हाही तेवढंच असेल तर त्या दिवशी खेळ नाही. मुद्दाम केलं की आपोआप झालं हे विचारतच नाहीत, चढलंय ना, मग बस बाहेर. आणि ते बरोबरच आहे.

मी स्वतः सी6, पण इनकम्प्लीट. मला दोनदा झालंय आपोआप. दुसऱ्यांदा मला वाटलं आता डोळे बाहेर पडणार. अंगात जोर बिर काही नाही रे बाबा, मरणाची भीती असते फक्त.

उगाच_एक
सॉरी. खरंच माहीत नव्हतं.

फिजिओ_मावशी
हं, पल्स.

हृदयाला मेंदूकडून दोन लगाम येतात असं समजा. एक ब्रेक, व्हेगस नर्व्ह. ती मेंदूच्या बुडातून थेट निघते, मणक्यातून जातच नाही, म्हणून मान मोडली तरी शाबूत. दुसरा अ‍ॅक्सिलरेटर, सिम्पथेटिक नसा, त्या मणक्यातून खाली येऊन साधारण डी1 ते डी5 मधून हृदयाकडे जातात. सी6 ला रस्ता पूर्ण तुटला की अ‍ॅक्सिलरेटरची वायर कापली गेली. किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रेनलिन सुटायचं तेही त्याच वायरींच्या हुकमाने, म्हणजे तेही गेलं.

मग व्यायामाला पल्स वाढतो कसा? ब्रेक सोडून. नुसता ब्रेक सोडला की गाडी उतारावर जाईल तेवढीच जाणार. म्हणून पूर्ण सी लेव्हलवाल्यांचा जास्तीत जास्त पल्स 110 ते 130 च्या घरात अडकतो. धाकट्याचा 122 म्हणजे तो शंभर टक्के देतोय. कोचला हे दाखव. तो ज्या पोराला ढिला म्हणाला ते पोरगं प्रत्येक प्रॅक्टिसला आपल्या छपराला डोकं आपटतंय.

अजून एक. आपण धावतो तेव्हा पायांचे स्नायू पिळून रक्त वर ढकलतात. याचे पाय गप्प. पोटातल्या रक्तवाहिन्याही आवळत नाहीत. रक्त खाली साठून राहतं, हृदयात परत येतं कमी, मग एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी. ओठ पांढरे पडतात, चक्कर येते, ती त्यामुळे. डीटेन भाऊंचं उलट आहे, त्यांच्या हृदयाची वायर शाबूत म्हणून ते जास्त ठोके मारून तूट भरून काढतात.

कासव_सी6
मावशींच्या उत्तराला एक शेपूट. माझाही सी6, पण माझा पल्स 165 पर्यंत जातो. इनकम्प्लीट असल्यामुळे काही वायरी शिल्लक आहेत. आणि कम्प्लीट लिहिलेल्या काही खेळाडूंचाही जातो, कारण कम्प्लीट-इनकम्प्लीट हे टाचणी टोचून आणि स्नायू हलवून ठरवतात, सिम्पथेटिक नसा कोण तपासतो? टीममध्ये दोघांची लेव्हल कागदावर सारखी आणि एकाचा दम दुसऱ्याच्या दुप्पट असं होतं ते यामुळेही. म्हणून कोचने सी6 म्हणजे 120 असाही नवीन नियम करून बसू नये. 😀

आकडेमोड
मी धडधाकट, हौशी रनर, या विषयात शून्य, पण धागा सोडवत नाहीये. पल्स बाद, मग ट्रेनिंगचा लोड मोजायचा कसा? ताकदीने? वॅटने?

डीटेन_पुणेकर
वॅट मोजायचा आर्म एर्गोमीटर (हाताने पेडल फिरवायचं यंत्र) मोठ्या सेंटरात असतो, आमच्यासारख्यांना कुठला. सगळ्यात स्वस्त मीटर म्हणजे स्वतःचं तोंड. 0 ते 10 चा आकडा सांगायचा किती जड गेलं. मी प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या तासाने वहीत लिहितो. 40 मिनिटं आणि आकडा 6, म्हणजे 240. आठवड्याची बेरीज करायची. मागच्या आठवड्यापेक्षा एकदम उडी मारलेली दिसली की मला कळतं आता खांदा बोंबलणार, आणि बोंबलतोच.

बोलायची कसोटी पण आहेच. ढकलताना पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे हलकं, तीन-चार शब्दांत श्वास घ्यावा लागतो म्हणजे मध्यम, शिव्यासुद्धा देता येत नाहीत म्हणजे जोराचं.

फिजिओ_मावशी
हाहा, शिव्यांची कसोटी मी ओपीडीत वापरणार. फक्त सी लेव्हलला बोलायच्या कसोटीवर थोडं जपून. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू गेलेले असतात, श्वास मुख्यतः छाती-पोटामधल्या पडद्यावर (डायफ्राम) चालतो, त्यामुळे बोलणं मुळातच लवकर तुटतं. गंमत म्हणजे आपल्याला आडवं झाल्यावर श्वास थोडा कमी भरतो, यांना उलट बसल्यावर कमी भरतो, कारण सैल पोट पुढे लोंबतं आणि पडदा खाली खेचला जातो. काही खेळाडू पोटाला इलॅस्टिकचा पट्टा बांधतात तो यासाठी, आणि बीपी सावरायलाही. पण तोच पट्टा डिसरिफ्लेक्सियाला निमित्त होऊ शकतो हे विसरायचं नाही.

किती करायचं याला आधार हवा असेल तर 2018 ची स्पायनल कॉर्ड इजेसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दम वाढवायला आठवड्यातून दोनदा किमान 20-20 मिनिटं मध्यम ते जोराचा व्यायाम, आणि चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे ताकदीचे 3 सेट, तेही आठवड्यातून दोनदा. साखर-चरबी-हृदयाचं भलं हवं असेल तर 30 मिनिटं आठवड्यातून तीनदा. हे सामान्य माणसाचं किमान आहे, खेळाडू याच्या पुढे जाणार. पण धाकट्याच्या टीममध्ये नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी तासभर पळवतात ना, त्यांना हे दाखवा.

जुना_फौजी
राम राम. उशिरा आलो धाग्यावर. डी12, 1989 पासून खुर्चीत. काही वर्षं खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये काढली, तिथे बास्केटबॉल शिकलो. आम्ही तिथे दाखल झालो की जुने लोक पहिली गोष्ट सांगायचे पेटकरांची. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे, फौजेत बॉक्सर, 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, एक कण्याजवळ राहिलीच. आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदात पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. आता पिक्चरमुळे पोरांना माहीत झालं, आम्हाला तेव्हापासून तोंडपाठ.

मूळ बघायला गेलं तर हे सगळं दवाखान्यातून आलंय. इंग्लंडात स्टोक मँडविलला डॉ. गुटमान म्हणून होते, त्यांनी 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, 16 पेशंटांची तिरंदाजीची स्पर्धा हॉस्पिटलच्या आवारात घेतली. त्याआधी असा पेशंट म्हणजे खाटेवर ठेवायचा आणि बेडसोर नाहीतर लघवीच्या इन्फेक्शनने जायची वाट बघायची. खेळ हाच उपचार, हे त्यांचं डोकं.

आता खांद्याचं बोलतो कारण त्यावर अजून कोणी आलं नाही. माझे दोन्ही खांदे पन्नाशीत गेले. तालमीतला माणूस मी, खुर्चीत आलो तरी जोर मारायची खाज, बेंच प्रेस, खुर्चीवर हात टेकून अंग उचलायचं, सगळं ढकलायचं. चाक पण ढकलायचं. म्हणजे दिवसभर छातीचे आणि पुढचे स्नायू, पाठ उपाशी. खांदा पुढे गोल होत जातो आणि आतली दोरी घासते. 2009 ला रात्री कूस बदलता येईना. आमचा एकच जोड आहे बाबांनो, पाय पण तोच आणि हात पण तोच, तो गेला की खाटेवरून खुर्चीत जायचं पण वांधे.

धाकट्याला सांगा, एक ढकलायचा व्यायाम तर दोन ओढायचे. दाराच्या कडीला रबर बांधा आणि कोपरं मागे ओढा, पाठीची पाती एकमेकांना लागली पाहिजेत. सायकलच्या ट्यूबने पण होतं, मी तेच करतो. चाक ढकलताना छोटे छोटे टकटक धक्के नकोत, लांब सावकाश हात, आणि हात सोडल्यावर रिमच्या खालून गोल फिरवून मागे आणायचा, रिमच्या वरून नाही.

फिजिओ_मावशी
काका, तुमचे पाय धरते. आम्ही हे सांगतो तर पोरं म्हणतात मावशी पुस्तकी आहे.

एक भर. बूड उचलायला हातावर अंग उचलून दहा सेकंद धरायचं, असं अजून शिकवतात. दहा सेकंदात काही होत नाही, दबलेल्या कातडीत रक्त नीट परत यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं हातावर कोण राहणार, आणि राहिला तर खांदा गेला. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची, नाहीतर एकेका बाजूला कलायचं, दर अर्ध्या तासाला. रग्बीच्या खुर्चीत गुडघे वर आणि बूड खोल असतं, माकडहाडावर भार येतो, मॅचनंतर आरशात कातडी बघितल्याशिवाय झोपायचं नाही. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग फायनल असो नाहीतर कोणाचं लग्न.

द्राक्षबाग
काका दंडवत. धाकटा शेजारी बसून वाचतोय, म्हणतो काकांना सांग ट्यूब आणली.

उन्हाचं पण सांगा ना कोणीतरी, परत मार्च येतोय.

कासव_सी6
उन्हाचं मी सांगतो, माझा पीएचडीचा विषय आहे म्हणा. 😅

घाम सुटायचा हुकूमही त्याच तुटलेल्या वायरीतून जातो. इजेच्या खाली घाम नाही, कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलून उष्णता बाहेर टाकणंही नाही. डी10 वाल्याकडे छाती, पाठ, हात, डोकं एवढं घामाला शिल्लक असतं. आमच्याकडे फार तर चेहरा आणि मान. त्यामुळे डीटेन भाऊंना जे ऊन चालतं ते आम्हाला चालत नाही. आणि खेळ थांबवला तरी आतलं तापमान काही वेळ वरच जात राहतं, हे लक्षात ठेवा. बाहेर येऊन बसला म्हणजे सुटला असं नाही. असंबद्ध बडबड झाली होती म्हणताय, ते उष्माघाताच्या दारात होतं, त्या वेळी थट्टा न करता थेट गार करायचं आणि दवाखाना.

मी काय करतो. केस कापायच्या दुकानात असते तशी फवाऱ्याची बाटली, चेहरा मान हात सगळीकडे मारायची आणि पुढ्यात पंखा. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, उसना घाम म्हणा. हे नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात झकास चालतं. मुंबईला आलो तेव्हा फसलं, दमट हवेत पाणी उडतच नाही, नुसतं ओलं होऊन बसायचं. तिथे बर्फाच्या पाण्यातला टॉवेल मानेवर, आणि खेळायच्या आधी बर्फाचा चुरा घातलेलं सरबत. आतून गार होतं. बर्फ थेट मांडीवर पोटावर ठेवू नका, संवेदना नाही, कातडी जळली तरी कळणार नाही. माझ्या मांडीवर आहे तसा डाग.

आणि लघवीसाठी गोळ्या घेत असेल, ऑक्सिब्युटिनिनसारख्या, तर त्याने उरलासुरला घामही आटतो. बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला फक्त.

डीटेन_पुणेकर
यात पाण्याची गोची असते. प्रवासात, स्पर्धेत जिथे टॉयलेटमध्ये खुर्ची जात नाही तिथे आम्ही सगळे पाणी पीतच नाही. मी स्वतः एकदा मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या दिवसापासून जवळजवळ कोरडा होतो. परिणाम, आठवड्याने ताप, इन्फेक्शन, अँटिबायोटिक, तीन आठवडे ट्रेनिंग बंद. पाणी न पिऊन वाचवलेली चार मिनिटं आणि घालवलेले एकवीस दिवस. आता आयोजकांना फोन करून पहिला प्रश्न टॉयलेटच्या दाराची रुंदी. ते दचकतात.

आकडेमोड
खाण्यापिण्याचं? आमच्याकडे रनर लोक केळी-खजूर-जेल असं कोंबत असतात.

फिजिओ_मावशी
तसं कोंबू नये. पायांचे स्नायू वाळतात त्यामुळे नुसतं बसून शरीराला लागणारी ऊर्जा धडधाकट माणसापेक्षा साधारण 14 ते 27 टक्के कमी असते. घरचे मात्र लाडाने, बिचारं पोर म्हणून, साजूक तूप वाढत असतात. द्राक्षबाग, आईला रागावू नकोस, पण सांग. वजनाचा बीएमआयही फसवा, इथे 22 च्या वर गेलं तरी चरबी जास्त असू शकते. प्रोटीन पुरेसं हवं, कातडी टिकायला पण तेच लागतं. डाळ, दही, अंडी, शेंगदाणे, घरचंच. आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. पायांची हाडं, खास करून गुडघ्याच्या वरखालची, पहिल्या दोन-तीन वर्षांत फार ठिसूळ होतात. रग्बीत खुर्च्या धडाधड आदळतात, पाय नीट बांधलेले हवेत. हाड मोडलं तर दुखणार नाही, एका पायाला सूज आणि ऊब दिसेल, आणि हो, डिसरिफ्लेक्सिया येईल. कारण सापडत नसेल तर पायही बघा.

द्राक्षबाग
महिन्याने येतेय, कोणी वाट बघत असाल तर सॉरी, बागेची छाटणी होती.

कोचला मावशींची ब्रेकची पोस्ट वाचून दाखवली. दोन मिनिटं काही बोलला नाही. मग धाकट्याला म्हणाला घड्याळ काढ हातातलं. आता वहीत 0 ते 10 लिहितात सगळे, आठवड्यातून दोन जोराच्या प्रॅक्टिस, बाकी हलकी, आणि ओढायचे व्यायाम आधी, ढकलायचे नंतर. कोच स्वतः एक दिवस पाय बांधून खुर्चीत बसला आणि वीस मिनिटं ढकललं, दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट घालता येईना. टीमला फार आनंद झाला.

काल प्रॅक्टिस मॅच होती. चौथ्या क्वार्टरला धाकटा बाहेर यायचा नेहमी, काल शेवटपर्यंत होता. हरले. पण होता.

आणि मी एक कार्ड केलंय, खुर्चीच्या पाठीला लावलंय. त्यावर लिहिलंय: माझं नेहमीचं बीपी 96/60. वरचं 116 च्या पुढे गेलं, डोकं दुखतंय, चेहरा लाल असेल तर मला झोपवू नका. ताठ बसवा. पट्टे सोडा. लघवीची नळी बघा. खाली माझा नंबर. चालेल का मावशी? काही राहिलं का?

फिजिओ_मावशी
छान झालंय. 'बीपी उतरलं नाही तर हॉस्पिटल' ही ओळ घाल. आणि ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव वर मोठ्या अक्षरात, डॉक्टर ते वाचून दहा सेकंदात जागे होतील.

जुना_फौजी
बेटा, स्पर्धा बाहेरच्या राज्यात असतात, तिथे मराठी कोण वाचणार. मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजी कर.

द्राक्षबाग
अरे हो की काका! आत्ताच लॅमिनेट करून आणलं होतं. जाते परत, तो दुकानदार तिसऱ्यांदा बघून हसणार मला.